धाब्यावरची पांढरी माती

नाना, तुमच्या निधनाची चार ओळींची बातमी मीच लिहिली. वय, नोकरी, मागे कोण कोण, देवपूरच्या घरून अंत्ययात्रा किती वाजता, सगळं त्यात आलं. हृदयविकाराने गेलात, तेही आलं. डॉक्टरांना मी बाजूला घेऊन विचारलं होतं, इतकी वर्षं ज्या खनिजात यांचे हात होते त्याचा याच्याशी काही संबंध? ते म्हणाले, तसं म्हणायला आधार नाही. मग मी तसं लिहिलं नाही. आधार नसलेलं छापायचं नाही, यावर आपलं पहिल्यापासून एकमत होतं. वर्षभर आपण भांडलो ते आधार असलेल्या गोष्टीवरून.

आपली ओळख तुमच्या रागातून झाली. धुळ्याबाहेर नव्याने सुरू झालेल्या एका लहान कारखान्यावर मी अर्धं पान लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात फोन आला.

"कारखान्यावर लिहिणाऱ्या बाई तुम्हीच का?"

"हो. आपण?"

"मी तिथला केमिस्ट. दुर्मिळ धातू खणून काढतात असं लिहिलंय तुम्ही. कारखान्यात कोणी खणतं का हो? खाणीत खणतात. आम्ही वेगळं करतो. आणि दुर्मिळ म्हणे! त्यातले काही तर जमिनीत शिशापेक्षा जास्त आहेत. फक्त एका जागी जमत नाहीत. लग्नातलं वऱ्हाड जसं. आहे पुष्कळ, पण सगळे एका वेळी मांडवात दिसले तर शपथ."

मी म्हटलं, उद्या दुरुस्ती छापते.

"दुरुस्ती नको. या आणि बघा. आणि चप्पल नको, बूट घालून या."

मी बूट घालून आले. खनिज पोत्यांतून यायचं, तपकिरी, वाळूसारखं. पोतं गुडघ्याएवढं, पण उचलायला दोन माणसं लागत. ते सल्फ्युरिक ॲसिडमध्ये भाजायचं, मग पाण्यात उतरवायचं. त्या पाण्यात चुना टाकला की नको असलेलं तळाला बसे. वर उरलेल्या पाण्यात तुमचे ते धातू, एकमेकांसारखे इतके की एका फेरीत कोणी कोणापासून सुटत नसे. त्यांना रॉकेलसारख्या द्रवाबरोबर घुसळत टाकीमागून टाकी न्यायचं. प्रत्येक टाकीत फरक किंचित पडायचा. शेडच्या एका टोकाला सगळ्यांचा मिळून मातकट रंग होता आणि दुसऱ्या टोकाला एका टाकीत हिरवा, एकीत जांभळट. मी हिरव्यासमोर थांबले तेव्हा तुम्ही म्हणालात, "हा प्रेसिओडिमियम. नाव लिहिताना चुकाल म्हणून आत्ताच वहीत लिहून देतो." आणि लिहून दिलंत.

टेबलावर नियोडिमियमच्या क्षाराची बाटली होती. ती तुम्ही खिडकीत धरलीत तर गुलाबी-जांभळी दिसली. ट्यूबलाइटखाली आणलीत तर रंग जवळजवळ गेला होता.

"आता सांगा, याचा रंग कोणता?"

"उजेडावर अवलंबून."

"पत्रकार शोभता," म्हणालात आणि चहा मागवलात. मला रसायनशास्त्र जे काही थोडं येतं ते त्या एका दुपारी आणि त्यानंतरच्या फोनांवर तुम्ही शिकवलेलं. माझ्या किमान तीन बातम्या तुम्ही छापण्याआधी वाचल्यात आणि एकदाही तुमचं नाव घालायला सांगितलं नाहीत. हे मी तुम्हाला तेव्हा बोलून दाखवलं नाही. अशा वाचकाचे आभार मानायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि मी पद्धत मोडली नाही.

त्याच दुपारी निघताना आपण गाळ दाबून पाणी काढणाऱ्या यंत्रापाशी थांबलो. चुन्याने तळाला बसलेलं ते सगळं, लोखंड, जिप्सम, थोरियम, तिथे येऊन पांढऱ्या, चिकट वड्या होऊन खाली पडत होतं. तुम्ही एक वडी उचललीत, बोटांत चुरडलीत आणि म्हणालात, "हाताला अगदी आमच्या गावच्या खारीसारखी लागते." मी ते टिपून घेतलं. चांगलं वाक्य होतं.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. आमच्याकडे खेड्यांत अजून धाब्याची घरं आहेत. त्यांचं छप्पर सपाट, मातीचं. दर वर्षी उन्हाळ्यात त्यावर खारी नावाची पांढरी चिकट माती पसरतात, पाणी मारतात, लाकडी चोपण्याने बडवून बसवतात. खारी चांगली असली तर घर गळत नाही. उन्हाळ्यात याच धाब्यावर सगळं घर झोपतं.

शिंदखेडा तालुक्यातल्या तुमच्या गावाची खारीची जागा कोणीतरी विकत घेतली आणि कुंपण घातलं. तुमची बहीण अक्का तुम्हाला म्हणाली, भाऊ, या वर्षी खारी आणायची कुठून? कारखान्याचा ट्रक चुना आणायला त्याच वाटेने रिकामा जायचा. तुम्ही तो या गाळाने भरून पाठवलात. अक्कांचं घर गळलं नाही. मग शेजाऱ्यांनी मागितली. आणखी दोन ट्रक गेले.

तुम्ही निष्काळजी माणूस नव्हतात. तुमच्या टेबलामागे भिंतीवर एक कागद टाचलेला होता. गाळाची तपासणी झाली आहे, किरणोत्सार नगण्य, असं त्यावर होतं. तो कागद खरा होता. पण तपासणी झाली ती सुरुवातीच्या खनिजाच्या गाळाची. मधे पुरवठादार बदलला. पोती वेगळी आली, वाळू जरा काळपट आली. गाळ दिसायला तसाच पांढरा पडत राहिला, म्हणून भिंतीवरचा कागदही तोच राहिला. तिन्ही ट्रक या नव्या खनिजाच्या गाळाचे होते, आणि त्यात थोरियम जास्त होतं.

हे तुम्हाला कळलं ते कारखाना बंद पडल्यावर. आवराआवरीत किरणोत्सार मोजणारा एक जुना गायगर मीटर तुम्ही घरी आणायला काढलात, आणि सहज म्हणून आधी शेडच्या मागच्या गाळाच्या ढिगाला लावलात.

मला तुम्ही सांगितलंत मागच्या उन्हाळ्यात, देवपूरच्या घरी. काकू, तुमच्या पत्नी, आत पोहे करत होत्या.

"बाई, एक बातमी आहे. पण छापायची नाही."

"मग सांगू नका."

"ऐका तर."

तुम्ही सांगितलंत. मी विचारलं, किती घरं? अकरा. नावं द्या. नाही.

"त्या मातीने नक्की होतं काय, नाना?"

"उद्या काही होणार नाही. म्हणून तर कोणी ऐकणार नाही. थोरियम किरणोत्सारी असलं तरी स्वतःहून चालत येत नाही. पण धाब्यावरून घरात माती झडतच असते. अंथरुणात पडते, ताटात पडते. ती श्वासातून आत गेली की सगळी परत येत नाही. वीस वर्षांनी कोणी खोकत मेला तर तुम्ही कशावर बोट ठेवणार?"

"म्हणजे छापायलाच हवं."

"छापलं की काय होईल ते मी सांगतो. टीव्हीवाले येतील, तोंडाला फडकी बांधून. आठ दिवसांनी जातील. गावाच्या नावाला चिकटलेलं कोण धुणार? तिथल्या पोरींना मागणं कोण घालेल? दूध कोण घेईल?"

"आणि तुमचं नाव येईल."

तुम्ही कप खाली ठेवलात. "हो," म्हणालात. "तेही."

मला वाटतं तेवढं एक वाक्य मी तेव्हा बोलायला नको होतं. ते खरं होतं, पण त्यानंतर तुम्ही माझ्याशी त्या विषयावर सरळ बोलला नाहीत. पावसाळा जाऊ द्या, मी स्वतः एकेकाला सांगतो, म्हणालात. पावसाळा गेला. दिवाळी जाऊ द्या. दिवाळी गेली. कापसाची वेचणी होऊ द्या. मी दर वेळी फोन केला आणि दर वेळी थांबले. एकदा तुम्ही चिमूटभर माती पुडीत बांधून दिलीत. ती मी जळगावच्या एका प्राध्यापकांना दाखवली. त्यांनी मोजलं, पुडी परत दिली आणि म्हणाले, "घरात ठेवू नका ही. मी तोंडी सांगतोय, लिहून देणार नाही." संपादक म्हणाले, कागद आण. कागद नव्हता. खरं सांगायचं तर कागद नसल्याचं मला थोडं बरं वाटलं. छापायचं की नाही हे ठरवण्याचं ओझं माझ्यावरून गेलं होतं.

मग तुम्ही गेलात.

दहाव्याला काकूंनी मला आत बोलावलं. मीटर आणि एक शंभरपानी वही पुढे केली. "तुमच्याविषयी नेहमी बोलायचे," म्हणाल्या. "यातलं मला काही कळत नाही. शेवटी शेवटी ही वही उघडून नुसते बसायचे." वहीत तुमच्या स्वच्छ अक्षरात अकरा नावं होती. प्रत्येक नावापुढे धाब्याचा कोपरा, मीटरचा आकडा. तुम्ही अकराही घरी जाऊन आला होतात. पहिलं नाव अक्कांचं. त्यांच्यापुढे तीन वेगवेगळ्या भेटींचे आकडे होते, आणि शेवटच्या आकड्यापुढे एक शब्द: सांगायचं.

मी आठवडाभराने गावी गेले. सकाळची वेळ होती. अक्का सत्तरीच्या पुढच्या, पण शिडी माझ्याआधी चढल्या. खाली वाटेवर मीटरची टिकटिक सावकाश चालली होती, मधे बोलता येईल इतकी. धाब्यावर पोहोचल्यावर टिकटिकींमधली फट संपली आणि एकच आवाज झाला. कोपऱ्यात गोधड्यांची चळत होती, रात्री झोपण्यासाठी वर आणून ठेवलेली.

अक्का मीटरकडे बघून हसल्या. "मना भाऊ बी हाई मशीन लईसन येये. म्हने, ऊन मोजस. ऊन मोजाले मशीन कसाले लागस? पाय ठेव, कळी जास."

मी काय सांगितलं ते इथे नोंदवते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. मी म्हटलं, "अक्का, ही माती चांगली नाही. खरवडून काढायला हवी."

"कसाले? इतला वरीस झायात, एक थेंब गळना नही."

"नानांची तशी इच्छा होती."

कारण सांगितलं नाही. तुम्ही जे तीनदा जाऊन सांगितलं नाहीत ते मी तुमच्या दहाव्यानंतर आठ दिवसांत तुमच्या बहिणीला सांगू, असं माझ्याच्याने झालं नाही. तुमचं नाव राखावं असं वाटलं. त्यांनी वाकून गोधड्यांची चळत उचलली. मग म्हणाल्या, "भाऊनी इच्छा व्हती तं काढू."

त्यांनी दोन माणसं लावली. त्यांना मी तोंडाला फडकी बांधायला लावली आणि आधी पाणी मारून माती भिजवायला लावली. संध्याकाळपर्यंत धाबं लाकडापर्यंत मोकळं झालं. माती भिंतीला लागून गल्लीत रचली. न्यायची कुठे, हे मी आधी ठरवलं नव्हतं. दोन दिवसांत ठरवते म्हणून धुळ्याला आले. एका कार्यालयाने दुसरीकडे पाठवलं. दुसऱ्या ठिकाणी अर्जाचा विषय वाचून बाबूंनी मान वर केली.

"किरणोत्सारी माती. जमीन शेतीची की बिगरशेती?"

"जमीन नाही. घराच्या छपरावरची."

"छप्पर आमच्याकडे येत नाही, मॅडम."

तिसऱ्या ठिकाणी अर्ज घेतला आणि शिक्का मारून पोच दिली.

तिसऱ्या दिवशी मी ताडपत्री घेऊन गावी गेले, निदान झाकून तरी ठेवू म्हणून. ढीग कंबरेएवढा होता, तो घोट्याएवढा राहिला होता. अक्का ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"अक्का, माती कुठे गेली?"

"लोके लई गयात."

"कोण लोक?"

"ज्याले लागनी त्यानी लिधी. गल्लीमा काढेल खारी कोनी इचारीसन लेस का? मीच सांगं, मना भाऊनी माटी शे, चांगली शे, लई जा."

नाना, गल्लीत काढून ठेवलेली खारी कोणाचीही असते, हे मला माहीत होतं. मी याच खानदेशात वाढले. पेरण्याआधीचे दिवस, गावात प्रत्येक जण धाबं चोपायच्या तयारीत, आणि मी तुमच्या बहिणीच्या दारात फुकटची पांढरी माती रचून दोन दिवस निघून गेले होते. कारण माहीत नसलेल्या बाईने ती तुमच्या आठवणीत वाटली. अकरा घरांची वही होती. आता ती अपुरी होती.

मी ओट्यावर बसले आणि अक्कांना सगळं सांगितलं. खनिज, गाळ, भिंतीवरचा कागद, बदललेली पोती. वही उघडून दाखवली. त्यांना फारसं वाचता येत नाही, पण स्वतःचं नाव त्यांनी ओळखलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"हाई काय लिखेल शे?"

"सांगायचं."

"त्याले ठाऊक व्हतं?"

"हो."

"आनि माले सांगं नही."

मी म्हटलं, त्यांना सांगायचं होतं. त्या म्हणाल्या, "सांगानं व्हतं तं सांगं कसं नही?" मी वही मिटली. तुमच्याकडे याचं उत्तर होतं का ते मला कधीच कळणार नाही. तुम्ही गावाची अब्रू राखत होतात, की बहिणीच्या नजरेतली तुमची जागा? मी वर्षभर विचार करून यातलं एक निवडू शकलेले नाही. आता निवडायची गरजही वाटत नाही. दोन्हींसाठी धाब्यावरचे लोक तितकेच दिवस त्या मातीवर झोपले.

कोणी कोणी माती नेली हे अक्कांनी बोटं मोजून सांगितलं. पाच नावं आठवली. आणखी होते, पण त्या जेवायला आत गेल्या असताना येऊन गेले. आम्ही पाच घरी गेलो. तिघांनी माती दाखवली, अजून पसरली नव्हती. चौथ्याने पसरली होती. पाचवा, अक्कांचा चुलत दीर, दारातच म्हणाला, "आम्ही नही लिधी." त्याच्या अंगणात माती वाहायच्या पाटीला पांढरं लागलेलं होतं.

"हाई काय शे मंग?" अक्कांनी विचारलं.

"चुना शे."

"चुना चाटीसन दखाड."

तो हसला, आम्ही हसलो नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "पेपरवाली बाई, माटीच तं शे. तुमले काय व्हई ऱ्हायनं?"

अक्का तिथून परत फिरल्या, पण स्वतःच्या घराकडे गेल्या नाहीत. सरळ ग्रामपंचायतीत गेल्या. शिपाई भोंग्यावरून नळाची वेळ सांगायच्या तयारीत होता.

"अक्का, नळना टाइम शे हाऊ."

"बाजू व्हय."

तो झाला. मी दारात उभी होते. मी त्यांना म्हटलं, नानांचं नाव घ्यायची गरज नाही, माती खराब आहे एवढंच सांगा. त्या म्हणाल्या, "मी नाव लिसन धाडेल शे ती. नाव लिसनच परत मांगसू."

हा मजकूर मी छापायला दिला तेव्हा संपादकांनी कागद मागितला नाही. स्मृतिलेखाला लागत नाही, म्हणाले. गावाचं नाव मी यात घातलेलं नाही. तुमचं तेवढं ऐकलं. पण गावात आता सगळ्यांना माहीत आहे, आणि ते माझ्यामुळे नाही.

अक्कांनी माईक दोन्ही हातांनी धरला. आवाज पहिल्या शब्दाला फाटला, मग सरळ झाला.

"मी अक्का बोलस. मना भाऊनी जी माटी धाडी व्हती ती वंगाळ शे. जीवले वंगाळ शे. त्याले ठाऊक पडनं, तरी त्यानी सांगं नही. मना भाऊ चुकना. मी बी तुमले लई जा सांगं, मी बी चुकनी. ज्यानी मनी गल्लीमधून माटी लई जायेल शे, त्यानी धाबावर टाकू नका. टाकेल व्हई तं पानी मारा, काढा, मना दारमा आनी टाका. बठ्ठी, जितली शे तितली, मना दारमा आना."

त्यांनी तेच दुसऱ्यांदा सांगितलं. भोंगे चारी दिशांना होते, गावाबाहेरच्या वस्तीपर्यंत आवाज जात होता. मी बाहेर पायरीवर येऊन ऐकत राहिले. गावात त्या वेळी दोन ठिकाणी धाबं चोपणं चाललेलं होतं. चोपण्याचे ठोके ऐकू येत होते, पण घरं दिसत नव्हती.

तिसऱ्यांदा त्यांनी तुमचं पूर्ण नाव घेतलं. मारुतीच्या देवळामागच्या धाब्यावरचे ठोके थांबले. ओढ्याकडच्या धाब्यावरचे चालू राहिले.